जिजीचं घर विकायला काढलं तेव्हा

माणसानं घर विकायला काढलं की त्याला सगळ्यात आधी रंगारी आठवतो. उभ्या जन्मात ज्यानं खिडकीची कडी बदलली नाही, तो रंगांच्या नमुन्यांचं पुस्तक मांडीवर घेऊन बसतो आणि मला विचारतो, "शोभाताई, हा पिस्ता बरा दिसेल की हा बदामी?" मी म्हणते, "भाऊ, घर विकायचंय की खायचंय?"

मी लिंबायतची मकान दलाल. सुरतेत बाई दलाल म्हटलं की लोक आधी माझ्या मागे बघतात, नवरा कुठे उभा आहे म्हणून. नवरा रिक्षात बसलेला असायचा. गिऱ्हाइकाला घरं दाखवायला न्यायची तर रिक्षा घरचीच, एवढाच त्यांचा माझ्या धंद्याशी संबंध. त्याआधी मी साड्यांना फॉल लावून द्यायची. गठ्ठे घेऊन गल्लोगल्ली फिरायची, त्यामुळे कोणाचं घर रिकामं होतंय, कोणाचे भाऊ वेगळे निघतायत, हे मला त्यांच्या भावांच्या आधी कळायचं. एकीनं म्हटलं, भाडेकरू बघ ना. बघितला. दुसरीनं म्हटलं, गिऱ्हाईक बघ. तेही बघितलं. अशी मी दलाल झाले. बायकांनी हा धंदा करू नये असं सांगायला बरेच जण आले होते. त्यांतल्या काहींची घरं पुढे मीच विकून दिली.

लोकांना वाटतं, घर दाखवणं म्हणजे कुलूप उघडणं आणि पंखा लावणं. तसं असतं तर कुलूपवाल्यांनीच दलाली खाल्ली असती. घर दाखवायच्या आधी ते तयार करावं लागतं, आणि तयार करणं म्हणजे पैसे ओतणं नव्हे, हे पटवण्यात माझं अर्धं आयुष्य गेलं. आमचा खान्देशी माणूस तसा चिकट. भाजीवालीशी कोथिंबिरीच्या काडीवरून भांडेल. पण घर विकायचं म्हटलं की त्याच्या अंगात नवरदेवाचा बाप संचारतो. लोक काय म्हणतील, पाटलाचं घर असं होतं?

गोडादऱ्याला एक शिंपी होते. गिऱ्हाईक यायच्या आधी त्यांनी घरभर उदबत्त्या लावल्या. देवाजवळ, मोरीत, जिन्याखाली, जिथे खोचता येईल तिथे. गिऱ्हाईक दारातच थांबलं, नाक वर केलं आणि विचारलं, "गटार तुंबते का इथली?" बिचाऱ्यांची गटार एकदम स्वच्छ होती. पण एवढा वास सोडला म्हणजे काहीतरी झाकायचं आहे, असं कोणालाही वाटणारच.

रंगाचंही तसंच. खाडीला पूर आला की आमच्या काही गल्ल्यांत पाणी शिरतं आणि भिंतीवर ओलीची रेघ राहते. मालक म्हणतो, तेवढी एक भिंत रंगवून टाकू. आता तुम्हीच सांगा, सगळ्या भिंती जुन्या आणि एकच नवी नवरी दिसली, तर गिऱ्हाईक हात कुठे लावणार? मी सांगते, रेघ राहू द्या, आणि पाणी कुठपर्यंत येतं, किती वेळात ओसरतं, ते तोंडानं सांगा. सुरतेच्या माणसाला पुराचं पाणी नवीन नाही. ते लपवणारा मालक मात्र त्याला चालत नाही.

आणि एक होते, त्यांनी घर विकायला नवा सोफा आणला, नवे पडदे लावले. गिऱ्हाइकाला इतकं आवडलं, इतकं आवडलं की त्यानं सोफ्यासकट, पडद्यांसकट भाव केला. हे घर सोडून गेले तेव्हा रिक्षात फक्त जुन्या गाद्या होत्या.

पण ज्यांची गोष्ट सांगायला मी बसले आहे, ते आप्पा आणि जिजी. आप्पा लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या, कारखान्यात मास्टर होते. पुढे कान गेले थोडे, पण आवाज शाबूत राहिला. लूमच्या खडखडाटात जन्म काढलेला माणूस घरातही कारखान्यात असल्यासारखाच बोलतो. जिजी त्यांची बायको. सगळी गल्ली त्यांना जिजीच म्हणते. मुलगा वापीला नोकरीला, मुलगी लग्न होऊन उधन्याला. लिंबायतच्या घरात हे दोघंच.

घर आमच्याकडे असतं तसं. पुढून अरुंद, मागे लांब. खाली एक खोली, तिच्यामागे मोरी आणि संडास, वर एक खोली, त्यावर गच्ची. जिना असा उभा की त्याला शिडी म्हणावं तर शिडीनं रागवावं. स्वयंपाक वरच्या खोलीत, कारण पूर्वी खालची खोली एका बॉबिन भरणाऱ्याला भाड्यानं दिली होती, तेव्हा शेगडी वर गेली. ती वर गेली ती गेलीच. बॉबिनवाला गेला, खालच्या खोलीची बैठक झाली, सोफासेट आला, त्याच्यावर प्लॅस्टिक चढलं. पाहुणे आले की खाली बसायचे. चहा वर व्हायचा. ट्रे घेऊन जिजी खाली, कप घेऊन जिजी वर. भाजीवाली ओरडली की खाली, भाजी घेऊन वर. अशा त्यांच्या गुडघ्यांच्या वाट्या झिजल्या.

डॉक्टरांनी साफ सांगितलं, जिना बंद करा, नाहीतर पुढे ऑपरेशन. म्हणून घर विकायचं ठरलं. डिंडोलीला मी त्यांना तळमजल्याचा एक फ्लॅट दाखवला. दोन खोल्या, दारातून आत आलं की शेगडी सपाटीवर. जिजी त्या घरात या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालल्या आणि म्हणाल्या, "माय व, इथं तर पाय उचलायचंच काम नाही!" त्यांना गल्ली सोडायची नव्हती, ते त्यांच्या तोंडावर दिसत होतं. पण गुडघ्यापुढे गल्लीचं काय चालणार? फ्लॅटच्या मालकानं मला शब्द दिला, श्रावण लागेपर्यंत थांबतो, पुढे नाही. म्हणजे तोवर लिंबायतचं घर विकलं गेलं पाहिजे, आणि चांगल्या भावात विकलं गेलं पाहिजे, नाहीतर जिजी पुन्हा जिन्यावर.

मी आप्पांना बजावून सांगितलं, "काही करू नका. मी येते, बघते, मग ठरवू." आणि चार दिवस एका लग्नाला शिरपूरला गेले. तेवढं माझं चुकलं बघा.

परत आले तर घरात पीओपीचा धुरळा. आप्पांचा जावई छताचं काम करतो, नक्षीची छतं. तो सासरी आला, वर बघितलं आणि म्हणाला, "मामा, हे असं छत बघून कोण घेणार?" झालं! आता जावयाला नाही कोण म्हणणार? त्याच्याकडे भाव करायचा नाही, काम नको म्हणायचं नाही, आणि मजुरी घेऊ नका असं तो म्हणणार नाही. वर तो कामाला आला तरी जावईच. त्याला डबा आणायला सांगता येत नाही. रोज दुपारी त्याला आणि त्याच्या कारागिरांना गरम जेवण. एक दिवस शेवभाजी, एक दिवस वरणबट्टी, एक दिवस खिचडी दिली तर मुलीचा फोन. आणि हे सगळं रांधायचं वर, वाढायचं खाली! घर विकायचं कशासाठी, तर जिजीला जिना नको. आणि जिजी त्या चार दिवसांत जितका जिना चढल्या, तितका वर्षात चढल्या नसतील. मी आले तेव्हा भिंतीला धरून पायरीवर बसल्या होत्या, मांडीवर भाताचं पातेलं.

"आप्पा, हे काय?" मी म्हटलं.

"पीओपी!" आप्पा अभिमानानं गरजले. "मधे गुलाब, बाजूनं वेल. रात्री निळी लाईट!"

"डिंडोलीच्या फ्लॅटचं बानं यातून गेलं ना?" बानं म्हणजे सुरतेत सौदा पक्का करायला द्यायचा इसार. आप्पांना अचानक ऐकू येईनासं झालं. त्यांचे कान सोयीचे आहेत.

खरी गंमत पुढेच. खालची खोली मुळातच ठेंगणी. छत हातभर खाली आलं आणि त्याखाली पंखा टांगला. मी आणलेलं पहिलं गिऱ्हाईक अमरेलीकडचा उंचापुरा हिऱ्याचा कारागीर होता. दारातून आत आला आणि मान वाकवूनच उभा राहिला. "बेन, पंखो चालू ना करता," एवढंच बोलला. आप्पा त्याला म्हणाले, "सवय होते!" तो गेला. गेला तो गेला.

मी त्या रात्री आप्पांवर खरंच चिडले. "तुम्ही छतात घातलेला एकेक रुपया जिजीच्या फ्लॅटमधून गेलाय. गिऱ्हाईक छत विकत घेत नाही, जागा घेतं. आता मी म्हणेन तसं." आप्पांनी मान खाली घातली. जावयानं फोन करून विचारलं, "मावशी, वरच्या खोलीला पण करू का?" मी त्याला म्हटलं, "जावईबापू, तुमचे हात सोन्याचे आहेत, त्यांना आता जरा विश्रांती द्या." जावयाशी असंच बोलावं लागतं.

आता माझी पद्धत सांगते, कारण लोकांना वाटतं यात काहीतरी गुपित आहे. घरात काय आणायचं ते मी बघतच नाही, काय काढायचं ते बघते. गच्चीवर गेले तर तिथे तुटका कूलर, लूमचे जुने धोटे, साड्यांची खोकी, मुलाची लहानपणची सायकल, आणि एक दार. कुठलं दार, कोणालाच माहीत नाही. प्रत्येक वस्तूला आप्पांचं एकच उत्तर, "लागेल." मी विचारलं, "धोटा कुठे लागेल? मला दाखवा, कुठे लागेल." त्यांनी एक धोटा उचलला, सदऱ्याच्या बाहीनं पुसला. मग म्हणाले, "हा एक ठेवतो. बाकीचे ने." मी तो एक राहू दिला. मी दलाल आहे, राक्षस नाही.

भंगारवाल्यानं सगळं नेलं आणि उलट पैसे देऊन गेला. आप्पा थक्कच झाले, घर तयार करताना पैसे आत येतात हे त्यांनी पहिल्यांदा पाहिलं. मग खिडक्या धुतल्या. दारावरची जुनी तोरणं उतरवली, एकावर एक बांधलेली, कोणत्या दिवाळीपासूनची कोण जाणे. गळका नळ वायसर घालून बसवला. दाराची बिजागरी कुरकुरायची, तिला खोबरेल. जिन्यात अंधार होता, तिथे एक साधा दिवा. आणि खालच्या खोलीतला सोफासेट, प्लॅस्टिकसकट, टेम्पोत घालून जावयाच्या घरी पाठवला. "तुमच्या हातचं छत बघून सासऱ्यांना इतका आनंद झाला, की ही भेट," असा निरोप दिला. जावई खूश. सोफा गेल्यावर ती खोली एवढी मोठी निघाली की आप्पा म्हणाले, "ही एवढी होती?"

शेवटी जिन्याला कठडा. लोखंडी पाइपाचा, साधा, आमच्या गल्लीतल्या वेल्डरनं सकाळी माप घेतलं आणि संध्याकाळी लावून गेला. कारण गिऱ्हाइकाची बायको पोर कडेवर घेऊन जिना चढते आणि पहिली भीती तिला तिथेच वाटते. त्या एका कठड्यावर मी कितीतरी घरं विकली आहेत.

जिजी दारापुढच्या ओट्यावर बसून होत्या. त्या उठल्या, जिन्यापाशी आल्या, कठड्यावर हात ठेवला. हलवून बघितला. मग आप्पांकडे न बघताच म्हणाल्या, "मी कधीची सांगत होते, आधाराला काहीतरी लावा. तुम्ही म्हणायचे, बघू. ते परकं माणूस पडायला नको, म्हणून एका दिवसात लागला?"

आप्पांना या वेळी ऐकू आलं होतं. मला फार वाईट वाटलं. इतक्या घरांना मी कठडे लावले, पण ते कोणाच्या हाताला आधीच हवे होते हे कोणी माझ्यासमोर असं बोललं नव्हतं. मग जिजीच हसल्या आणि म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या आते. चहा करते." आणि कठड्याला धरून वर गेल्या.

आषाढ संपत आला होता. फ्लॅटवाल्याचा फोन येऊन गेला होता, त्याच्याकडे दुसरं गिऱ्हाईक फेऱ्या घालत होतं. तेव्हा मी मनीषाला आणलं. मनीषा आमच्या अमळनेरकडची. नवरा हजीऱ्याला कंपनीत, पाळीची नोकरी. लहान मुलगा, घरात सासू. पोरगी हुशार, तोंडाची फटकळ. घर बघायला येताना कमरेला पदर खोचूनच आली होती.

माझा एक नियम आहे. घर दाखवताना मालकानं घरात थांबू नये, आणि मालकिणीनं तर नकोच. मालक गिऱ्हाइकाला घराचे गुण सांगतो आणि मालकीण खरं सांगते. पण जिजींना कुठे पाठवणार? त्यांना बाहेरच्या ओट्यावर बसवलं आणि म्हटलं, "जिजी, काहीही विचारलं तरी फक्त हसायचं." आप्पांना म्हटलं, "तुम्ही तर हसूही नका."

मनीषा आत आली. छताकडे बघून म्हणाली, "हे काढायला किती येईल?" आप्पांचा चेहरा पडला. मग ती रिकाम्या खोलीच्या मधोमध उभी राहिली, सगळीकडे नजर फिरवली आणि नवऱ्याला म्हणाली, "स्वयंपाकाचा ओटा या खिडकीखाली. शेगडी या कोपऱ्यात. पाण्याची पाइप मोरीतून अशी सरळ येईल. भिंत फोडायचं पण काम नाही."

नवरा म्हणाला, "इथे? स्वयंपाक खाली? मग बैठक?"

"बैठक वर. पाहुण्यांचे पाय दुखत नाहीत."

जिजी बाहेरच्या ओट्यावरून वळल्या. मी डोळ्यांनी खुणावलं, हसा. त्या हसल्या नाहीत.

"पण पोरी," त्या बोलल्याच, "इथे आमची कानबाई बसते."

आता ज्यांना कानबाई माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते. नागपंचमीनंतरच्या रविवारी आम्हा खान्देशी लोकांच्या घरात कानबाई येते. नारळाची देवी, तिला नटवायचं, चौरंगावर बसवायचं, रात्रभर गाणी म्हणायची, सकाळी वाजतगाजत तापीवर पोचवायची. तिच्यासाठी रोट करायचे, आणि ते भाऊबंदांनीच खायचे, बाहेरच्याला द्यायचे नाहीत. बॉबिनवाला गेल्यापासून जिजींकडे कानबाई खालच्या खोलीत बसायची, म्हणून ती खोली वर्षभर तिची. तिथे कांदा चिरायचा नाही, फोडणी द्यायची नाही, शेगडी तर लांबच राहिली. हे कोणा भटजीनं सांगितलं नव्हतं, सासूनंही नाही. जिजींनी आपलं आपणच ठरवलं होतं. देवीची एका रात्रीची खोली आणि पाहुण्यांच्या एका तासाचा सोफा, यासाठी ती बाई उरलेलं वर्षभर जिना चढत होती. आणि गंमत बघा, बॉबिनवाला त्याच खोलीत अंडी तळायचा, तेव्हा कानबाई काही रागावली नव्हती.

मनीषा म्हणाली, "आमची पण बसते की कानबाई. इथेच बसवेन, शेगडीशेजारी."

"स्वयंपाकघरात?"

"मावशी, तुम्ही रोट कुठे करता?"

"वर."

"मग देवी खाली, आणि रोट वरून खाली! पोळ्या वरून खाली, खीर वरून खाली! तिला तरी गरम कधी मिळालं का?" मनीषा हसली. "बाईच आहे ना ती. स्वयंपाकघरात बसायला तिला काय वाटणार?"

असं बोलून ती नवऱ्याला घेऊन वरची खोली बघायला गेली. खाली आम्ही तिघंच. जिजी उठल्या, आत आल्या आणि खिडकीखाली जाऊन उभ्या राहिल्या. तिथे जणू ओटा आहे असा हात फिरवला. एकदा दाराकडे बघितलं, एकदा मोरीकडे. दार चार पावलांवर. मोरी त्याहून जवळ. दारातून भाजीवाली दिसत होती.

"शोभा," त्या हळूच म्हणाल्या, "इथे ओटा करायला काय खर्च येईल ग?"

हा प्रश्न कुठे चालला होता ते मला कळलं. वर माझं गिऱ्हाईक उभं, घर पसंत, सौदा आज नाहीतर उद्या, दोन्हीकडची दलाली माझ्या पदरात. एवढं म्हणायचं होतं, "छे, फार येईल, पाइप, फरशी, गटार, कुठे नादी लागता." जिजींनी विश्वास ठेवला असता. पण त्या खिडकीखाली जशा उभ्या होत्या, तसं त्यांना डिंडोलीच्या फ्लॅटमध्येही मी पाहिलं नव्हतं.

"आप्पांच्या गुलाबापेक्षा कमी," मी म्हटलं. "पुष्कळ कमी."

"आणि झोपायला?"

"मोरी-संडास खालीच आहे. तुमची खाट त्या भिंतीला लागेल. वर तुम्हाला जायचं कामच नाही."

जिजी आप्पांकडे वळल्या. "मग आपण हे घर कसाले विकी राहिनूत?"

"पण गिऱ्हाईक आलंय ना!" आप्पा ओरडले. "पसंत पडलंय त्यांना!"

"मला पण पडलंय," जिजी म्हणाल्या.

तेवढ्यात मनीषा कठड्याला धरून खाली आली. आता तिला कोण सांगणार? मीच घसा खाकरला, पण जिजींनी मला बाजूला केलं. तिचे दोन्ही हात हातात घेतले आणि म्हणाल्या, "पोरी, तू दाखवलं ते मला आजवर दिसलं नाही. राग मानू नको. मीच राहते इथं."

मनीषा माझ्याकडे बघायला लागली. "म्हणजे अक्कल माझी आणि घर यांचं?" तिच्या नवऱ्याला हसू आवरेना. तिला खरंच वाईट वाटलं होतं, डोळे भरून आले होते. तिलाही सासूसाठी खालचीच शेगडी हवी होती. जिजींनी तिला बसवलं, बसायला सोफा नव्हता, म्हणून जमिनीवरच बसवलं, आणि आप्पांना पाठवलं वर, चहा करायला. वरून भांडी पडल्याचे आवाज येत होते. चहा आला तेव्हा त्यात साखर नव्हती, पण सगळ्यांनी संपवला. मनीषाला मी पुढे मागच्या गल्लीत तसंच घर बघून दिलं. तिथे मी तिच्याकडून दलाली अर्धीच घेतली. माझ्या नवऱ्यानं अजूनही मला तो हिशेब माफ केलेला नाही.

डिंडोलीचा फ्लॅट गेला दुसऱ्याला. आप्पांचं बानं बुडालं का, असं गल्लीत सगळ्यांनी विचारलं. बुडायला दिलं होतं कुठे? ते आधीच छतात गेलं होतं. जावयाच्या गुलाबानं तेवढं एक भलं केलं म्हणायचं. आता तर जावई सगळीकडे सांगतो, "माझं छत झालं आणि सासऱ्यांना घर सोडवेना." सांगू दे बापड्याला.

श्रावणात कानबाई बसली ती नव्या ओट्याशेजारी. मीही गेले गाणी म्हणायला. जिजी बसल्या जागेवरून रोट भाजत होत्या, तव्यावरून देवीपुढे हात लांबवला की पोचत होता. मला रोट मिळाले नाहीत, कारण मी त्यांच्या भाऊबंदांत नाही. म्हणजे त्या घरातून मला दलाली नाही आणि रोटही नाही. खीर मात्र दोन वाट्या खाल्ली, गरम होती.

नंतर एकदा सकाळी सहज डोकावले. खाली ओटा, जिजींची खाट, दाराशी भाजीची टोपली. बैठक वर गेली आणि तिच्याबरोबर आप्पांची खाटही वर गेली, कारण खाली त्यांच्या घोरण्याला जागा नव्हती. मी बसते न बसते तोच वरून हाक आली. लूमवरची हाक, सगळ्या गल्लीनं ऐकली असेल. "चहा झाला का? वर पाठव!"

जिजींनी गॅस बारीक केला. मान वर करून त्या तितक्याच जोरात ओरडल्या, "ज्याले चहा पेवाना व्हई, त्यानी खाले येवानं!"

वर खाट करकरली. मग जिन्यावर आप्पांचे पाय वाजायला लागले, एकेक पायरी, कुरकुरत.